कारचा विमा: सक्ती कशाची, ऐच्छिक काय आणि सोबत बसलेल्याचं काय?

थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीची भरपाई देणाऱ्या विम्याची, सक्ती १९३९च्या मोटार वाहन कायद्यातली. अंमल सुरू झाला १९४६ला. आजचा आधार १९८८च्या कायद्यातली कलमं १४६ आणि १४७. दुसऱ्याच्या मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला त्यात मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र १९८८च्या मूळ कायद्यात जेमतेम ६,००० रुपये होते. कारच्या पॉलिसीत ही रक्कम ७.५ लाखांपर्यंत मिळते.

खरा गुंता आहे तो आपल्याच गाडीत बसलेल्यांचा. भाडं न घेता सोबत नेलेला मित्र किंवा नातेवाईक ‘तिसरा पक्ष’ ठरतो का? कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत आणि त्यावरून दावे वर्षानुवर्षं लढले गेले. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुचाकीच्या मागच्या सीटवरच्या स्वाराच्या प्रकरणात म्हटलं की, नुसत्या सक्तीच्या पॉलिसीत, म्हणजे ‘अ‍ॅक्ट ओन्ली’मध्ये, असा फुकट प्रवासी येत नाही. पॅकेज (कॉम्प्रिहेन्सिव्ह), म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारी पॉलिसी असली तरी कंपन्या हाच बचाव पुढे करत राहिल्या. शेवटी २००९मध्ये विमा नियामकाला परिपत्रक काढून सांगावं लागलं की, पॅकेजमध्ये कारमधले प्रवासी समाविष्टच आहेत. २०१२मध्ये न्यायालयानेही ते मान्य केलं. पण त्या प्रकरणात पॉलिसी नेमकी कोणती हेच स्पष्ट नव्हतं, म्हणून तेवढं तपासायला ते पुन्हा खाली पाठवलं गेलं. स्वस्तातली पॉलिसी घेणाऱ्याला हा फरक कुणी सांगत नाही, आणि अपघातानंतर भरपाईचा बोजा पडतो तो मालकावर.

स्वतः गाडी चालवणारा मालक तर तिसरा पक्ष होऊच शकत नाही. त्याच्यासाठी वेगळं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर असतं. कारमालकाला त्यात पूर्वी २ लाख मिळत. २०१८च्या अखेरीस ते १५ लाख झालं. २०१९पासून ते सुटंही घेता येतं आणि आधीच तेवढं अपघाती संरक्षण असेल तर पुन्हा घ्यावं लागत नाही. वैध परवाना नसलेल्या मालकाला ते लागू नाही.

१ सप्टेंबर २०१८पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या कारला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम घ्यावं लागू लागलं. त्यातून एक नवाच घोळ झाला. ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण, अनेकांनी एका वर्षाचंच घेतलं. ते संपलं तरी कागदावर विमा चालू दिसतो. पोलिसांना दाखवायला तेवढा पुरतो, चोरी झाली किंवा गाडी पुरात बुडाली तर हाती काही येत नाही. ओन डॅमेजमध्ये ९० दिवसांहून जास्त खंड पडला की साठलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, कमाल ५० टक्के) जातो, शिवाय गाडीची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

२०२१मध्ये एका उच्च न्यायालयाने नव्या गाड्यांना पाच वर्षं ‘बंपर टू बंपर’ विमा सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि काही आठवड्यांतच तो मागे घेतला. सध्याच्या परिस्थितीत तो अंमलात आणण्याजोगा नाही, असं न्यायालयानेच म्हटलं. पण प्रवासी उघड्यावर पडतात ही त्यामागची तक्रार खोटी नव्हती. मात्र ‘बंपर टू बंपर’ हे झिरो डेप्रिसिएशनचं, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापणाऱ्या संरक्षणाचं, बाजारातलं नाव. प्रवाशांच्या भरपाईशी त्याचा संबंध नाही.

झिरो डेप नसेल तर रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीच्या बदली भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर कापत नाहीत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्यावर कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधी पॅकेज पॉलिसी त्याला परिणामी नुकसान म्हणून नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि काही पॉलिसींत तेही असा स्टार्टर मारलेला चालवून घेत नाही.