एल्डोराडो का आक्रसली?

"गाडी जड, म्हणून पेट्रोल जास्त" हे गणित शहरात, दर सिग्नलला थांबत जाताना बरोबर आहे. पण सपाट हायवेवर एकाच वेगाने धावताना वजन हा मुख्य गुन्हेगार नसतो.

१९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो घ्या. लांबी साडेपाच मीटरहून जास्त, वजन दोन टनांच्या वर, दारं दोनच आणि इंजिन ८.२ लिटरचं! १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७५ साली कायदा केला: कंपनीच्या सगळ्या मोटारींचं सरासरी मायलेज १९७८ साली गॅलनला १८ मैल (लिटरला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास) आणि १९८५ साली २७.५ मैल हवं. १९७९ची एल्डोराडो आदल्या वर्षीपेक्षा ५० सेंटिमीटर आखूड आणि सुमारे ५०० किलो हलकी होऊन आली. इंजिन ५.७ लिटरचं. खपही वाढला.

इंजिन लहान केलं की नेमकं काय वाचतं? खरी गंमत इथेच आहे. हायवेवर अशा गाडीला पंचवीस-तीस अश्वशक्ती पुरते आणि इंजिनात ताकद त्याच्या कितीतरी पट. म्हणून हवेच्या वाटेतलं थ्रॉटल (हवा कमी-जास्त सोडणारं झाकण) जवळजवळ मिटलेलं राहतं आणि त्याच्या पलीकडे हवा विरळ होते. सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या ओढून बघा, किती जोर लागतो ते. इंजिनातले आठही दट्टे हेच करत असतात.

ढोबळ हिशेब करू. थ्रॉटलपलीकडचा दाब ४० किलोपास्कल धरा, बाहेरचा १००. फरक ६०, गुणिले ८.२ लिटर: इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे ४९० जूल. मिनिटाला २००० फेरे असतील तर हे ८ किलोवॅट, म्हणजे ११ अश्वशक्ती झाली, नुसत्या श्वास घेण्यावर! तेवढीच हवा ४.१ लिटरच्या इंजिनात भरायची तर दाब ८० लागेल. फरक २० उरला, आकारमानही निम्मं झालं. नुकसान थेट सहाव्या हिश्श्यावर. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवून देणारे महाभाग या दाबाच्या वाटेलाही जात नाहीत.

१९८१ साली कॅडिलॅकने हेच तत्त्व वेगळ्या वाटेने वापरलं. ६ लिटरच्या इंजिनातल्या दोन किंवा चार सिलिंडरांच्या झडपा बंदच ठेवायच्या, म्हणजे उरलेल्यांवर भार वाढून थ्रॉटल जास्त उघडतं. आत कोंडलेला वायू स्प्रिंगसारखा दबतो आणि दाबायला लागलेली बरीचशी ऊर्जा परत देतो. कल्पना झकास, पण तेव्हाचा संगणक मंद. गाडी हिसके द्यायची. अनेकांनी वायर काढून आठही सिलिंडर कायमचे सुरू ठेवले. पुढच्याच वर्षी ४.१ लिटरचं इंजिन आलं.

१९८६ साली गाडी आणखी ४० सेंटिमीटरने कापली. तोवर पेट्रोल स्वस्त झालं होतं आणि एल्डोराडो कॅडिलॅकच्या मालक कंपनीच्याच, म्हणजे जनरल मोटर्सच्या, स्वस्त गाड्यांसारखी दिसू लागली होती. खप एका वर्षात सत्तर टक्क्यांच्या आसपास घसरला. १९८८ साली कंपनीने तिला पुन्हा सुमारे ३ इंच लांब केलं, आणि इंजिन ४.५ लिटरचं.