व्यसनमुक्तीचे उपचार आणि हाताला काम, दोन्ही हवंय? ताईंसाठी अर्जाची माहिती (महाराष्ट्र)

आधीच सांगते, उपचार आणि रोजगार दोन्ही एकाच फॉर्मवर मिळेल असं समजून जाऊ नका. उपचाराचं खातं वेगळं, कामाचं वेगळं, सांगड आपल्यालाच घालावी लागते. पण घालता येते.

सुरुवात 14446 वर फोन करून करा. हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, जिल्हा सांगून जवळचं सरकारी अनुदानावर चालणारं केंद्र विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न, बायकांना ॲडमिट करता का? कारण बरीच केंद्रं फक्त पुरुषांची असतात, तिथवर जाऊन परत यायला नको. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती संस्थेचं निशिगंध हे केंद्र खास बायकांसाठी आहे. नुसती मशेरी किंवा तंबाखू असेल तर बहुतेक वेळा ॲडमिट व्हायची गरज नसते, 1800-11-2356 वर फोन करा, सोडायला मदत करतात. दारू मात्र रोजची असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

नवऱ्याची सही लागते का, हे सगळ्याच विचारतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचं व्यसनही येतं, आणि 18 च्या वरची बाई उपचार समजून घेऊन निर्णय घेऊ शकत असेल तर स्वतःच्या अर्जावर ॲडमिट होऊ शकते. केंद्रवाले "घरचं माणूस आणा" म्हणतात, सोबत कोणी असलं तर बरंच, पण सही नाही म्हणून परत फिरू नका, कायद्याचं नाव घ्या. याच कायद्यात असंही आहे की 3 वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून तोडायचं नाही, त्यामुळे बाळ सोबत ठेवायची सोय आहे का ते फोनवरच विचारा. आणि तुमची उपचाराची माहिती गोपनीय असते.

कागदपत्रं: आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, फोटो, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, जुने रिपोर्ट. दाखल्याला वेळ लागतो म्हणून सेतू केंद्रात किंवा आपले सरकारवर आधीच अर्ज टाका, आणि त्यासाठी उपचार मात्र थांबवू नका. बँकेचं खातं फक्त स्वतःच्या नावावर हवं, जॉइंट नको, पैसे दुसऱ्या कोणाच्या हातात जायला नकोत. का ते तुम्हाला माहितीये.

आता काम. डिस्चार्जची वाट न बघता ॲडमिट असतानाच समुपदेशक ताईंना सांगा, कारण घरी आल्यावरचे रिकामे दिवस सगळ्यात अवघड. गावाकडे असाल तर उमेदच्या (सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) सीआरपी ताईंना, म्हणजे गावातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या ताईंना, भेटून बचत गटात नाव घाला, शहरात माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) ऑफिसात चौकशी करा. शिवणकाम, पार्लर, पापड-मसाला असं काही शिकायचं तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बँकांकडून चालवली जाते, ट्रेनिंग फुकट, राहणं-जेवणही फुकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करतात (मला तरी हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो). नोकरीच हवी असेल तर गावातल्या गरीब घरच्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, तिथे वयाची अट 35 पण बायकांना 45 पर्यंत सूट. ट्रेनिंगच्या फॉर्ममध्ये व्यसनाबद्दल आपणहून काही लिहायची गरज नाही, फक्त बॅचची वेळ आणि केंद्रातल्या फॉलोअपचा वार एकमेकांवर येऊ देऊ नका, आणि पहिले काही महिने केटरिंग, हॉटेल, बार असली जिथे दारू समोर असते ती कामं नकोच.

स्वतःचा धंदा काढायचा तर पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) बघा, बायकांना खेड्यात 35 टक्के, शहरात 25 टक्के सबसिडी, स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, बाकी बँकेचं कर्ज. व्यसनाच्या काळात मायक्रोफायनान्सचे हप्ते थकले असतील तर बँक सिबिल (कर्जफेडीची नोंद) बघून नाही म्हणू शकते, म्हणून आधी त्या कंपनीशी बोलून हप्ते बांधून घ्या, ते फिटल्याची पावती जपून ठेवा, कर्जाचा अर्ज त्यानंतर.