केव्हीएममधील रजिस्टर-मूल्यांची पडताळणी

आभासी यंत्राच्या प्रोसेसरची रजिस्टरे (त्याच्या आतल्या छोट्या साठवण-जागा) यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, प्रोग्रॅम बाहेरून भरतो, तेव्हा ती मूल्ये स्वीकारण्याआधी हायपरव्हायजरने (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) करायची तपासणी. केव्हीएम हा लिनक्स कर्नलमधील हायपरव्हायजर (कर्नल २.६.२०, २००७). यंत्र सुरू करताना, स्नॅपशॉटवरून (जतन केलेल्या स्थितीवरून) उठवताना किंवा लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू यंत्र हलवताना) दुसऱ्या सर्व्हरवर उभे करताना क्यूईएमयूसारखा, आभासी यंत्र चालवणारा प्रोग्रॅम आयऑक्टल या सिस्टिम कॉलद्वारे ही मूल्ये कर्नलच्या हाती देतो.

गेस्टने, म्हणजे आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रणालीने, स्वतः चुकीचे मूल्य लिहिले, तर खऱ्या प्रोसेसरप्रमाणे त्याला फॉल्ट (प्रोसेसरचा चूक-इशारा) देता येतो. यूजरस्पेसची विनंती मात्र ‘ईइन्व्हॅल’ (अवैध मूल्य) हा एरर कोड देऊन परत पाठवावी लागते. एकेक बिट पाहून भागत नाही, त्यांचा आपसात मेळही लागतो. एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरांवर सीआर० या नियंत्रण-रजिस्टरमधला पेजिंगचा (मेमरीचे पाने पाडून व्यवस्थापन) बिट चालू आणि प्रोटेक्टेड मोडचा बंद, अशी स्थिती असूच शकत नाही.

इंटेलचा प्रोसेसर गेस्टमध्ये शिरताना बरेच काही स्वतःही तपासतो. तिथे अडले तर क्यूईएमयूच्या लॉगमध्ये ‘८०००००२१’ हा ओळखीचा आकडा दिसतो आणि यंत्र थांबते. हे त्यातल्या त्यात बरे. काही रजिस्टरे मात्र गेस्टमध्ये शिरण्याआधी होस्ट (खऱ्या सर्व्हरचा) कर्नल स्वतःच भरतो. डीआर६ या डीबगिंगच्या रजिस्टरच्या वरच्या ३२ बिटांपैकी एक जरी चालू असला आणि तो आधी तपासला नाही, तर फॉल्ट गेस्टला नव्हे, कर्नललाच बसतो.

सर्वांत बोलके उदाहरण आर्म६४ या प्रोसेसर-रचनेचे. सीव्हीई-२०१८-१८०२१ या सुरक्षा-त्रुटीत पीस्टेटमधील (प्रोसेसरच्या चालू स्थितीच्या नोंदीतील) मोडची नीट तपासणी होत नव्हती. गेस्टची जागा ईएल१ आणि ईएल० या कमी अधिकारांच्या पातळ्यांवर. पण यूजरस्पेसने तिथे हायपरव्हायजरची ईएल२ पातळी लिहिली, की गेस्टकडे जाण्यासाठी केलेली उडी थेट ईएल२ मध्येच पडे, तीही हल्लेखोराने भरलेल्या रजिस्टरांसह. आभासी यंत्र तयार करण्याची मुभा एवढे भांडवल त्याला पुरे होते. दुरुस्ती कर्नल ४.१८.१२ मध्ये आली.

क्रमही सांभाळावा लागतो. सीआर४ या आणखी एका नियंत्रण-रजिस्टरमधले कोणते बिट चालतील हे गेस्टला दाखवलेल्या सीपीयूआयडीवर (प्रोसेसरच्या क्षमतांच्या यादीवर) अवलंबून असते, म्हणून सीपीयूआयडी आधी. एमएसआरांची (प्रोसेसर-मॉडेलनुसार असणाऱ्या खास रजिस्टरांची) गंमत वेगळीच: यादीतला एखादा नाकारला गेला तर केव्हीएम तिथेच थांबतो आणि तोवर किती लिहिले गेले तेवढी संख्या परत देतो. एरर कोड आला नाही म्हणून सगळे लिहिले गेले असे धरून चालणारा प्रोग्रॅम इथे फसतो.