सायकल-शर्यतींची नियतकालिके

व्यावसायिक रस्ता-सायकलिंगला वाहिलेली दैनिके, साप्ताहिके व मासिके. आधी शर्यत, मग बातमी हा नेहमीचा क्रम येथे बराचसा उलटा आहे : अंक खपावा म्हणून शर्यती भरवल्या गेल्या.

पॅरिसमध्ये १८९२ पासून ‘ल व्हेलो’ हे हिरव्या कागदावरचे दैनिक निघत असे. त्याचे संपादक प्येर झिफार यांनी ड्रेफस प्रकरणात (ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफसवर हेरगिरीचा खोटा आरोप) ड्रेफसची बाजू घेतली. त्यामुळे बिनसलेल्या मोटारनिर्माते द द्याँ प्रभृती कारखानदारांच्या पैशावर १६ ऑक्टोबर १९०० रोजी ‘लोतो-व्हेलो’ हे पिवळ्या कागदावरचे प्रतिस्पर्धी दैनिक निघाले. संपादक आंरी देग्रांज. न्यायालयाच्या निकालामुळे १९०३ च्या आरंभी त्याच्या नावातला ‘व्हेलो’ (सायकल) गळाला आणि ‘लोतो’ एवढेच उरले. खप वाढेना, तेव्हा जेओ लफेव्हर या तरुण वार्ताहराने देशाला वळसा घालणारी शर्यत सुचवली. जुलै १९०३ मधील पहिल्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये ६ टप्पे, सुमारे २,४२८ किमी. अंतर व ६० स्पर्धक होते; शेवटपर्यंत पोहोचले २१. खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेल्याचे सांगतात. ‘ल व्हेलो’ १९०४ मध्ये बंद पडले.

आघाडीच्या स्पर्धकाच्या पिवळ्या जर्सीचा उगम वादग्रस्त आहे. सामान्यतः १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोब्ल येथे यजेन क्रिस्तॉफ याने ती प्रथम घातली असे मानतात. प्रेक्षकांनी त्याला ‘कॅनरी’ म्हणून चिडवलेही. मात्र बेल्जियन विजेता फिलिप तीस याने १९५३ मध्ये, वयाच्या साठीनंतर, असा दावा केला की १९१३ मध्येच देग्रांजने त्याला पिवळी जर्सी घालायला लावली होती. समकालीन वृत्तपत्रांत त्याला दुजोरा नसल्याने १९१९ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. रंगाबद्दलही दोन मते आहेत. तो दैनिकाच्या कागदावरून घेतला, हे एक. ऐनवेळी विक्रेत्याकडे तेवढाच रंग शिल्लक होता, हे दुसरे. पहिले मत पटण्याजोगे आहे, कारण इटलीतही तेच घडले : १८९९ पासून गुलाबी कागदावर निघणाऱ्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने १९०९ मध्ये ‘जिरो’ ही इटलीची शर्यत सुरू केली आणि १९३१ मध्ये तिची जर्सीही गुलाबीच ठरली.

‘लोतो’ १९४४ मध्ये बंद झाले; १९४६ पासून ‘लेकिप’ या क्रीडा-दैनिकाने त्याची जागा घेतली. ब्रिटनमधील ‘सायकलिंग’ (१८९१) हे साप्ताहिक त्याहून जुने.

सीमाभाग : बेळगाव, निपाणी, चिकोडी परिसरात शर्यत भरवतात ती जत्रा कमिटी किंवा गावातले तरुण मंडळ, वृत्तपत्र नव्हे. प्रचार हँडबिलावर चालतो, आणि ते सायकल दुकानाच्या फळीवर पंपाशेजारी चिकटवलेले असते. जुन्या साध्या सायकलीचे मडगार्ड, कॅरियर व स्टँड उतरवले की ती शर्यतीची झाली. रोख रकमेबरोबर निशाण देण्याची रीत कुस्ती आणि बैलगाडी शर्यतींकडून आली असावी. मान मात्र पिवळ्या जर्सीइतकाच. शेजारच्या विजयपूर व बागलकोट जिल्ह्यांनी राष्ट्रीय पातळीवरचे सायकलपटू दिले आहेत. बाबूराव ठाकुरांनी बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला तेही १९१९ मध्येच, अर्थात हा निव्वळ योगायोग. मराठी दैनिकांच्या स्थानिक पानावर अशा शर्यतीची बातमी चार ओळींत आटोपते : नाव, गाव, बक्षिसाची रक्कम आणि उद्घाटक पाहुणे. विजेत्याची वेळ सहसा नसते.