रग्बी लीगचे नियम आणि पंचांसाठीच्या सूचना : पार्श्वभूमी

टॅकल (चेंडू बाळगणाऱ्याला पकडून थांबवणे) पूर्ण झाला की पकडलेल्या खेळाडूला तत्काळ सोडावे, असे रग्बी लीगचा नियम सांगतो. मात्र यासाठी किती क्षण द्यायचे हे तो सांगत नाही. ही उणीव पंचांना वेळोवेळी मिळणाऱ्या सूचनांनी भरून निघते, आणि खेळाचे प्रत्यक्ष रूप पुष्कळदा नियमपुस्तकापेक्षा या सूचनाच ठरवतात.

1895 मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी रग्बीच्या मूळ संघटनेतून फुटून वेगळी संघटना स्थापन केली; तिच्यातूनच रग्बी लीग हा खेळ घडला. 1906 मध्ये संघातील खेळाडूंची संख्या तेरा झाली आणि टॅकलनंतर खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी प्ले-द-बॉलची (पकडलेल्या खेळाडूने उठून चेंडू पायाने मागे सरकवण्याची) पद्धत आली. त्या काळी एका संघाने चेंडू कितीही वेळ राखला तरी चालत असे, त्यामुळे टॅकलनंतरच्या दोन-चार क्षणांना फारसे मोल नव्हते. 1966 मध्ये चार टॅकलची मर्यादा आली, म्हणजे तितक्या टॅकलपुरताच एका संघाला चेंडू राखता येऊ लागला; काही वर्षांत ती सहा झाली, आणि हे चित्र पालटले. चेंडू झटपट खेळला गेला तर बचावफळीला मागे सरून रांग धरता येत नाही. म्हणून बचाव करणारे संघ कुस्तीतील पकडी शिकून खेळाडूला खाली दाबून ठेवू लागले. यावर एनआरएल या ऑस्ट्रेलियातील प्रमुख रग्बी लीग स्पर्धेत पंचांनी टॅकलचे वर्गीकरण स्वीकारले : बचावपटूने निर्विवाद वर्चस्व मिळवले असेल तर त्याला उठायला थोडा अधिक वेळ, आणि चेंडू बाळगणारा स्वतःहून खाली गेला असेल तर त्याला लगेच मोकळे करणे बंधनकारक. मुळात ‘तत्काळ’ एवढेच सांगणाऱ्या नियमाला अशा रीतीने पायऱ्या पडल्या. 2020 मध्ये अशा विलंबाला पेनल्टीऐवजी चेंडू बाळगणाऱ्या संघाला सहा टॅकलची नवी मालिका देण्याचे ठरले, तरी विलंब कशाला म्हणावे हा प्रश्न पंचाच्या नजरेवरच राहिला.

स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी झुंजतात त्या रचनेची, गोष्ट उलट आहे. चेंडू दोन्ही पुढच्या फळ्यांमधून सरळ टाकावा, असे नियम म्हणत असतानाही पंच त्याकडे दुर्लक्ष करत गेले, आणि चेंडूसाठीची झुंज जवळजवळ नाहीशी झाली. माझ्या मते दुर्लक्ष हीदेखील एक सूचनाच असते, फक्त ती कोणी लिहून देत नाही.

मे 2021 मध्ये ब्रिस्बेन येथे भरलेल्या एनआरएलच्या ‘मॅजिक राउंड’मध्ये (एका फेरीचे सर्व सामने एकाच शहरात) डोक्याला होणाऱ्या संपर्काबाबत पंच एकाएकी कठोर झाले. हेतुपुरस्सर, बेफिकिरीने किंवा निष्काळजीपणे डोक्याला वा मानेला संपर्क करणे नियमानुसार आधीही गुन्हाच होते. तरी आदल्या आठवड्यापर्यंत साध्या पेनल्टीवर सुटणाऱ्या टॅकलसाठी आता खेळाडू दहा मिनिटे बाहेर बसू लागले, काहींना तर उरलेल्या सामन्यासाठी मैदान सोडावे लागले. मेंदूला होणाऱ्या इजा पाहता हा कठोरपणा आवश्यकच होता. परंतु तो ऐन हंगामात आला, आणि वर्षानुवर्षे एका उंचीवर टॅकल करण्याची सवय झालेल्या खेळाडूंना ती मोडायला पूर्वतयारीचे सराव सामनेही मिळाले नाहीत.