रात्रभर उपाशी, तरी साखर आली कुठून?

सकाळी सातला लॅब उघडते तेव्हा बाकड्यावर बसलेल्यांत निम्मे तरी शुगर तपासायला आलेले असतात. सांगलीत हे रोजचंच. गेल्या महिन्यात तासगावकडच्या एक मावशी मुलाबरोबर आल्या होत्या. राखाडी टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. साखरेसाठी हीच नळी लागते, कारण तिच्यात फ्लोराइड असतं. ते नसलं तर नळीतल्या रक्तपेशीच साखर खात बसतात आणि आकडा खोटा येतो. तासाभरानं रिपोर्ट हातात पडला : उपाशीपोटी १६८. मुलगा तिथंच चिडला. "आई, रातीला बेदाणं खाल्लीस न्हवं?" घरची द्राक्षबाग, बेदाण्याची खोकी माळ्यावर, त्याचा संशय तिथंच जाणार. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाशप्पथ, नऊ वाजल्यापासनं पाण्याबिगर तोंडात काय घातलं न्हाई."

असं भांडण मी इतक्या वेळा पाहिलंय, की त्यामागची गोष्ट एकदा नीट लिहावी असं वाटलं. ही गोष्ट यकृताची आहे, आणि यकृतातल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची.

साखर शरीरात येते ती बाहेरूनच, खाण्यातून, असं दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही मानत. साखर तयार करतात त्या वनस्पती; प्राणी ती फक्त जाळतात, अशी तेव्हाची समजूत. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी १८४८ मध्ये कुत्र्यांना नुसतं मांस खाऊ घातलं आणि यकृतातून बाहेर पडणारं रक्त तपासलं. त्यात साखर सापडली. मांसात तर साखर नसते. मग ती यकृतानंच केली असणार.

पण माझा जीव जडलाय तो त्यांच्या १८५५ च्या प्रयोगावर. बर्नार एकाच यकृतातली साखर लागोपाठ दोनदा मोजत. एकदा वेळ कमी पडला आणि दुसरं मोजमाप दुसऱ्या दिवसावर गेलं. पाहतात तर साखर वाढलेली! मग त्यांनी मुद्दाम ताज्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून थंड पाणी सोडलं. साखरेचा मागमूस राहीना तोवर, चाळीसेक मिनिटं ते धुतलं आणि तसंच ठेवून दिलं. चोवीस तासांनी त्या मेलेल्या, धुतलेल्या यकृतात पुन्हा साखर जमली होती. म्हणजे साखर ज्यापासून होते तो माल आतच साठलेला होता. १८५७ मध्ये त्यांनी तो वेगळा काढला. त्यालाच आपण ग्लायकोजेन म्हणतो.

साठा सापडला. तो फुटून साखर रक्तात नेमकी येते कशी, हे कळायला मात्र शंभर वर्षं गेली. ते कोडं बरंचसं सोडवलं ते प्रागमध्ये जन्मलेल्या गेर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्यानं. १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत गेले, १९३१ मध्ये सेंट लुइसला. तिथं कार्ल विभागप्रमुख झाले. गेर्टीबाईंना त्याच प्रयोगशाळेत कितीतरी कमी पगारावर साधी संशोधन सहायक म्हणून घेतलं. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते १९४७ मध्ये, ज्या वर्षी दोघांना नोबेल मिळालं त्याच वर्षी. हे वाचलं की मला अजून राग येतो.

कोरींनी दाखवलं ते असं. ग्लायकोजेन फुटतं तेव्हा सुटी होणारी साखर मोकळी नसते, तिला फॉस्फेटचं शेपूट चिकटलेलं असतं. ते शेपूट असेपर्यंत साखर पेशीच्या बाहेर पडू शकत नाही. ते काढायचं काम 'ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज' नावाचं विकर करतं. आपल्याकडे साखर कारखाने सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून सांगते : पोती गोदामात कितीही असोत, गेटपास फाटल्याशिवाय ट्रक बाहेर जात नाही. यकृतातला गेटपास हे विकर फाडतं. साठ्यातली साखर असो की नव्यानं केलेली, दोन्ही याच गेटातून जातात.

स्नायूंमध्येही ग्लायकोजेन भरपूर असतं, पण तिथं हे विकर नाही. तालमीत पैलवान जोर मारतो तेव्हा त्याच्या मांडीतला साठा मांडीतच जळतो. त्यातून होणारं लॅक्टेट रक्तातून यकृतात येतं, यकृत त्याची पुन्हा साखर करून परत पाठवतं. कोरींनी ही फेरी १९२९ मध्येच मांडली होती. ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

त्याच १९२९ मध्ये जर्मनीत एडगर फॉन गिर्के यांनी दोन मुलांच्या शवविच्छेदनाची नोंद केली. यकृत आणि मूत्रपिंडं प्रचंड मोठी, ग्लायकोजेननं ठासून भरलेली. साठा तुडुंब, पण रक्तात साखर नाही. अशा मुलांच्या यकृताचे नमुने कोरी दांपत्यानं तपासले आणि १९५२ मध्ये उत्तर दिलं : काही नमुन्यांत हे विकर जवळजवळ नव्हतंच. जन्मजात आजाराचं मूळ एका विकराच्या अभावात आहे असं थेट दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या दाखल्यांपैकी हा एक. ही मुलं दोन-तीन तास उपाशी राहिली तरी साखर धोकादायक खाली जाते. १९८४ मध्ये एक साधा उपाय पुढे आला : मक्याचं कच्चं स्टार्च थंड पाण्यात कालवून द्यायचं. ते शिजवायचं नाही, कारण कच्चं असलं तरच सावकाश पचतं. एखाद्या आईनं रात्री गजर लावून उठावं आणि लेकराला तो पांढरा घोल पाजावा, इतकं मोठं काम हे विकर आपल्या सगळ्यांच्या पोटात रोज रात्री गुपचूप करत असतं.

कारण रक्तात एका वेळी असलेली साखर चमचाभर, पाचेक ग्रॅम. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. लोणंदहून फलटणकडं चालणारा वारकरी एकादशीला दिवसभर पाण्यावर राहिला तरी चालत राहतो, तो यकृताच्या जिवावर. साठा साधारण दिवसभरात सरत येतो, मग लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉलपासून नवी साखर करावी लागते. त्या वाटेवरची दोन मोठी विकरं क्लीव्हलँडमध्ये मर्टन अटर यांच्या प्रयोगशाळेत सापडली : 'पेप सी के' १९५० च्या दशकात, पायरुवेट कार्बोक्सिलेज १९६० मध्ये.

इथपर्यंत आल्यावर वाटतं, मधुमेहात हे गेटच बंद करावं. तसे प्रयत्न झाले. प्रयोगातल्या उंदरांची साखर उतरली खरी, पण अडलेला माल यकृतातच चरबी होऊन साठू लागला. फॉन गिर्केंच्या त्या मुलांमध्ये हेच दिसतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी १९५७ पासून वापरात आहे आणि यकृताची साखर कमी करते, पण ती नेमकी कुठं कशी काम करते यावर अजून वाद चालू आहे.

आणखी एक गाठ. मधुमेहात ही विकरं जास्त बनत असतील, म्हणून साखर वाढत असेल, असं बरीच वर्षं धरून चालले होते. २००९ मध्ये येल विद्यापीठाच्या गटानं टाइप टू मधुमेह असलेल्यांच्या यकृताचे नमुने तपासले, तर 'पेप सी के' आणि ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज यांची जनुकं जास्त चाललेली दिसली नाहीत. मग जोर कुठून येतो? पायरुवेट कार्बोक्सिलेज अॅसिटिल-कोए मिळाल्याशिवाय नीट चालत नाही, हे अटर यांच्या काळापासून माहीत आहे. आणि अॅसिटिल-कोए येतं चरबी जळताना. २०१५ मध्ये त्याच गटानं उंदरांवर दाखवलं : इन्सुलिनचा धाक कमी झाला, की शरीरातली चरबी सुटून यकृताकडे येते, आणि तिथं साखर करण्याचं काम रात्रभर थांबत नाही.

त्या मावशींच्या मुलाला मी यातलं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. म्हटलं, बेदाणे खाल्ले नसतील तरी १६८ येऊ शकते, आईवर आळ घेऊ नका. तो गप्प झाला. मग पिशवीतून कागदांची गुंडाळी काढून म्हणाला, डॉक्टरांना दाखवायला अजून काय काय लागंल ते बघा. त्यात दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी होती. खाली लिहिलं होतं : फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. "ह्ये काय असतंय?" त्यानं विचारलं. तो कागद मी गुंडाळीच्या सगळ्यात वर ठेवला आणि म्हटलं, आज डॉक्टरांना पहिलं हेच विचारा.