साईपासून सांडपाण्यापर्यंत: सेपरेटर जहाजावरून आपल्या मिलमध्ये कसा आला

आमच्या जळगावच्या वर्कशॉपमध्ये डेअरीचे क्रीम सेपरेटर येतात, सरकी-सोयाबीनच्या ऑइल मिलचे येतात आणि अलीकडे सांडपाण्यातलं तेल काढणारी यंत्रंही येतात. या शेवटच्या यंत्राबद्दल बोलताना आम्ही जहाजांचा विषय काढतो, तेव्हा ग्राहकांना नवल वाटतं. खान्देशाला समुद्र नाही. पण ती गोष्ट ठाऊक असली की यंत्र घेताना पैसा योग्य जागी लागतो.

गुस्ताफ दे लावल या स्वीडिश इंजिनिअरने १८७८ मध्ये दुधातली साय सलग वेगळी करणारं फिरतं यंत्र तयार केलं आणि १८८३ मध्ये भागीदारासोबत कंपनी काढली. तीच आजची अल्फा लावल. (आम्ही त्यांचे एजंट नाही.) बाऊल, म्हणजे यंत्रातलं फिरतं भांडं, मिनिटाला हजारो फेरे घेतो, जड दूध कडेला जातं, हलकी साय मध्याशी राहते. पण यंत्राला खरी ताकद आली ती बाऊलमध्ये शंकूच्या आकाराच्या डिस्क एकावर एक रचल्यामुळे. दोन डिस्कमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. साईच्या कणाला तेवढंच अंतर कापायचं असल्यामुळे तेवढ्याच बाऊलमधून कितीतरी जास्त दूध निघतं. सर्व्हिसिंगला आम्ही डिस्क मोजून, त्याच क्रमाने बसवतो. एक जरी कमी पडली तरी गठ्ठा सैल होतो आणि बाऊल थरथरतो.

पुढे हेच यंत्र जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. इंधनातलं आणि वंगणातलं पाणी, गाळ काढायचा, म्हणजे इंजिन टिकतं. कंपनी जहाजांच्या सामानातली मोठी उत्पादक झाली, पण तोवर काळजी इंजिनाची होती, समुद्राची नव्हे.

१९६७ मध्ये टोरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि एक लाख टनांहून जास्त कच्चं तेल घेऊन फुटलं. त्यानंतर जगाचे नियम कडक होत गेले. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा, १९७३ आणि १९७८ मध्ये ठरलेला मार्पोल करार १९८३ पासून लागू झाला. इंजिनरूमच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी आता तसंच समुद्रात सोडता येत नाही. दहा लाख भागांत तेलाचे १५ भाग, ही मर्यादा. आम्हाला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पाण्यातलं तेल मोजणाऱ्या मीटरची व्यवस्था. तेल जास्त दिसलं की व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि पाणी बाहेर न जाता पुन्हा टाकीत येतं. पाणी कधी, किती सोडलं याची नोंदही वहीत ठेवावीच लागते.

तिथून अल्फा लावल पर्यावरणाच्या यंत्रांकडे वळत गेली. जहाजाचा तोल राखायला भरलेल्या पाण्यातून परके जीव एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात. ते रोखायचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि २००६ मध्ये या कंपनीने रसायनाशिवाय, अतिनील किरणांनी ते पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बाजारात आणली. करार लागू झाला २०१७ मध्ये. म्हणजे यंत्र अकरा वर्षं आधीच तयार होतं.

आता आपल्या मिलकडे या. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत साधारण १० भाग आहे. म्हणजे गिरणा, पांझरा, तापीसाठीचा नियम जहाजापेक्षा कडक. तो तसाच हवा, कारण खाली गावं तेच पाणी पितात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्यासाठी लिहिलेला आकडा मात्र आधी पाहून घ्या.

दुसरी गोष्ट साबणाची. सुटं तेल सेपरेटर सहज काढतो. पण पाण्यात साबण किंवा डिटर्जंट गेला की तेलाचे अतिबारीक थेंब होतात, पाणी दुधाळ दिसतं आणि कितीही महागडं यंत्र लावलं तरी ते पाणी फुटत नाही, म्हणजे त्यातलं तेल वेगळं होत नाही. जहाजावरही म्हणूनच फरशी धुवायला वाटेल ते डिटर्जंट चालत नाही, तेल-पाणी लवकर वेगळं होऊ देणारंच निवडावं लागतं. खाद्यतेलाच्या रिफायनरीत कॉस्टिक सोड्यामुळे साबण तयार होतोच. तिथलं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन आधी ॲसिडने फोडा, मग सेपरेटरला द्या. टाकी वेगळी करण्याचा खर्च यंत्राच्या मानाने फारच कमी आहे. आम्ही ग्राहकाला आधी तीच करायला सांगतो, मग यंत्राचा भाव देतो.

पाणी तपासायला आणताना दोन नमुने आणा, एक नेहमीच्या कामाच्या वेळचा आणि एक धुलाईनंतरचा. बाटली काचेचीच हवी. प्लास्टिकला तेल चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो.